महाराजांना दिसलेला दोरा

सोमवारी आमच्या गावात मारुतीच्या पारापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. पालमहून माणसं एसटीला लोंबकळून आली होती. झोळीवाले महाराज बंद दाराआडचं सांगतात म्हणे! झोळीत डोकं घालायचं, आत देवाशी कुजबुजायचं आणि बाहेर येऊन डोळे फिरवायचे. "आलं आलं, दिसलं दिसलं, घरातलं घरात न्हाई बसलं!" की लोकांच्या माना डोलल्याच. मी गावातली शिक्षिका, संघप्रिया. मला हसू येत होतं.

महाराजांनी शिवकन्येकडं बोट केलं आणि माझं हसू थांबलं.

"पोरी, मंगळवारी सैपाकघरात दार लावून रडलीस. डाव्या खांद्यावर काळानिळा वण. पन गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा शाबूत! शंभूनं राखला. आता तक्रार मागं घे. न्हाईतर म्होरल्या सोमवारी समदं सांगीन."

शिवकन्येचा नवरा पुण्याला कामाला. थोरला दीर नागनाथ घरात घुसला, अंगावर आला, म्हणून तिनं पोलिसांत तक्रार दिली होती. तोच नागनाथ पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता. हरामखोर!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिवकन्या शाळेत आली.

"बाई, देवालाच दिसायलंय. मी तक्रार मागं घेते."

खरं सांगते, मीही घाबरले. देवाची भीती नव्हती. बंद दाराआडचं कुणीतरी पाहिलं होतं, त्याची होती.

"सैपाकघरात कोण होतं?"

"मी आन जबाब घ्यायला आलेल्या पोलीस मॅडम. सासूबाई दाराभाईर."

"सासूबाईंनी सांगितलं असेल."

"त्यांनी ऐकलं असंल. पन वण कुठं पाहिला?" ती जवळ सरकली. "आन बाई, नागनाथ अंगावर आला तवा दोरा तुटला होता. लिंग खाली पडलं. आमच्यात लिंग अंगावरून कवाच उतरू देत न्हाईत. सासूबाईला कळलं तर चुलीपाशी येऊ देणार न्हाईत. म्हून मॅडमला खोटंच सांगितलं, शाबूत हाय म्हनून. मग गपचिप नवा दोरा ओवला."

"म्हणजे तू थाप मारलीस आणि देवाला ती खरी वाटली? हा कसला देव गं! मॅडमच्या छातीवर काय होतं?"

"काळी डबी. लाल दिवा लागलेली."

"कॅमेरा गं तो!"

तिचा चेहरा आणखीच उतरला. खांद्यावरचा पदर तिनं मॅडमला वण दाखवायला काढला होता, कॅमेऱ्याला नव्हे.

पुढच्या सोमवारी शिवकन्या भर गर्दीत उभी राहिली. "महाराज, परत बघा. दोरा तुटला का?"

महाराज झोळीत शिरले. "शाबूत!"

"तुटला होता. मी पोलिसांना खोटं सांगितलं होतं. तुमच्या देवानं तेवढंच ऐकलं!"

सासू बसम्मानं तोंडाला पदर लावला. मी पुढं होऊन झोळी खेचली. आतून मोबाईल पडला आणि त्यातलं चित्रण चालू झालं. पडद्यावर शिवकन्येचं सैपाकघर, कोपऱ्यात त्या मंगळवारची तारीख आणि वेळ, आणि तिचाच आवाज, "शाबूत हाय, मॅडम."

मला वाटलं, जिंकलो. पण गर्दी पुढं सरकली. "बघू, बघू! आमाला बी दावा!" माझेच शेजारी, माझ्याच विद्यार्थ्यांचे बाप. शिवकन्या किंचाळली, "बघू नका हो कुणी!" त्या क्षणी गर्दीला भ्याले, तितकी मी महाराजांना कधी भ्याले नाही. मोबाईल मी उचलून छातीशी धरला, पण दहा हात पुढं आले होते.

तेवढ्यात बसम्मा आली. माझ्याकडून मोबाईल घेऊन पदरात गुंडाळला. "दोऱ्याचं आमचं आमी बघू. माझ्या सुनेला कुणाला बघायचंय? म्होरं या." कुणी आलं नाही.

सासूसुना त्याच दिवशी परभणीला जाऊन चित्रण बाहेर आल्याची दुसरी तक्रार देऊन आल्या. पहिली मागं घेतली नाही. मोबाईल नागनाथानंच दिला, असं महाराजांनी कबूल केलं. ठाण्यातलं चित्रण बाहेर कसं आलं, याची चौकशी चालू आहे. त्याच्या आणखी किती नकला कुणाकडं आहेत, हे आजही कुणी सांगू शकत नाही. शिवकन्या पदर दोन्ही हातांनी धरून चालते.

पोलिसांकडं कॅमेरा असावा. त्यानं पोलिसांची मारहाणही थांबते, खोटंही पकडलं जातं. पण तो तुमच्या घरात आला तर विचारा, चालू आहे का, चित्रण कुठं राहणार, कोण बघणार? विचारणं गुन्हा नाही. आणि कुणी महाराज तुमच्या बंद दाराआडचं सांगू लागला, तर हात जोडू नका. त्याला विचारा, तुला हे कुणी दाखवलं?