रुआई एअरचा वजनकाटा

मी वजनकाटा बोलतोय. बोलतोय कसला, सतरा वर्षं आतल्या आत धुमसतोय. स्वस्थता म्हणून नाही. छपरावर पाल पळाली तरी माझी सुई हलते.

मला किनाऱ्यावरच्या ताराकान शहरातून रुआई एअरच्या पहिल्याच फेरीत इथे आणलं. बोर्निओच्या या डोंगरात रस्ता नव्हता. मनाडोच्या कॅप्टन वोवोरांनी एक जुनं विमान घेतलं आणि मालवाहतुकीची कंपनी काढली. एक विमान, एक कॅप्टन, पा रियाक गावाची गवताळ धावपट्टी, तिच्या कडेची शेड आणि शेडमध्ये मी. झाली कंपनी. खाली जायचा आमचा बारीक तांदूळ आणि खाऱ्या झऱ्याचं मीठ. वर यायची साखर, सिमेंट, डिझेल. उरलेल्या जागेत माणसं बसत, पण आधी माझ्यावर चढून.

सिनार मावशी चढताना चपला काढून ठेवायची.

"एवढ्याने काय फरक पडणार, मावशी?" यागुंग विचारायचा. यागुंग म्हणजे वजन पाहून यादी लिहिणारा आमचा कारकून.

"चपला सुनेच्या आहेत. तिचं वजन माझ्या नावावर कशाला?"

वजनात यागुंग कुणाची भीड ठेवत नसे. सख्ख्या मेव्हण्याचं डिझेलचं पिंप त्याने खाली उतरवलं होतं. मला त्याचा फार अभिमान होता.

पण आमच्याकडे निघालेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. वजनं झाली की मंडळी विमानाच्या दाराशी जमत आणि पानात बांधलेला मऊ भात, मीठ भरलेल्या बांबूच्या नळ्या, अननस आत सरकवत. ते माझ्यापर्यंत कधीच येत नसे. भेट म्हणजे सामान नव्हे. तिचं वजन करणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. कॅप्टन हसायचे, यागुंगही हसायचा. माझा मात्र जीव वर-खाली व्हायचा.

मग यागुंगची मुलगी यूली शिकायला शहरात निघाली. अख्खा गाव दाराशी लोटला होता. पट्टी पावसाने भिजलेली, आणि यादीतलं वजन आधीच मर्यादेला टेकलेलं. यागुंग तांदळाचं वीस किलोचं पोतं घेऊन माझ्या शेजारून गेला आणि ते त्याने लेकीच्या पायाशी ठेवलं.

विमान पट्टीच्या टोकापर्यंत धावलं, उठलं नाही आणि म्हशींच्या चिखलात घुसलं. यूली वाचली, सगळे वाचले. कॅप्टनचा पाय मोडला आणि विमान कायमचं गेलं.

चौकशीला विमान खात्याचे साहेब आले. "यादीत वजन बरोबर आहे. मग विमान उठलं का नाही?"

यागुंग बाहेर जमलेल्या गावाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "काटा बिघडला असेल, साहेब."

मला तपासायला साहेबांनी वजनं आणलीच नव्हती. कागदावर 'सदोष काटा' असं लिहिलं गेलं. दुसरं विमान नव्हतं, त्यामुळे रुआई एअर बंद झाली. साखर पुन्हा माणसांच्या पाठीवरून, चार दिवसांच्या जंगलवाटेने येऊ लागली. येणारेजाणारे मला लाथ मारून म्हणत, "यानेच बुडवली कंपनी." तेव्हापासून मी एकाच गोष्टीसाठी तळमळत होतो: कुणीतरी एकदा माझ्यावर नेमकं वजन ठेवून बघावं.

गेल्या आठवड्यात यागुंग आला. केस पांढरे झालेत. ढकलगाडीवर, आता झालेल्या रस्त्याने आलेलं, सिमेंटचं पन्नास किलोचं न उघडलेलं पोतं होतं. धापा टाकत त्याने ते माझ्यावर ओढलं आणि डोळे मिटून घेतले. सतरा वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता.

डोळे उघडून त्याने पाहिलं. सत्तेचाळीस.

इतकी वर्षं फुटक्या पत्र्यातून पाणी माझ्या पोटात गळतंय, यागुंग. हा गंज आहे. पण माझं ऐकणार कोण?

तो मटकन खाली बसला. "म्हणजे खरंच तुझंच चुकलं होतं," असं म्हणून लहान मुलासारखा रडला. मग तोंड पुसून, पोतं तिथेच टाकून, ताठ मानेने घरी गेला.

तुम्ही त्याला काही सांगू नका. या वयात तरी त्याला शांत झोप लागू दे. पण तुम्ही इतकं ऐकलंत म्हणून सांगतो, त्या सकाळी मी चिमूटभरही चुकलो नव्हतो.