दोन्ही बाह्या डाव्या

आता काय म्हणावं या चार महिन्यांच्या पोरीला! रात्रभर डोळे टक्क उघडे, आणि सकाळी आईच्या डोळ्यांवर झापड आली की ही शहाणी खुदुखुदु हसणार.

आई सासऱ्यांच्या शिवणकामाच्या दुकानात कापड बेतायला शिकत होती. बाळंतपणाआधी तिचा हात असा बसला होता, की सासरे गिऱ्हाइकांना सांगत, "माझ्यापेक्षा हीच बरी बेतते." आता खडू उचलेपर्यंत माप डोक्यातून गायब. ती चिडून जास्त सराव करायची आणि जास्तच चुकायची. नवरा फिरतीवर. झोप मागायची कुणाकडे? मागितली तर सासरे म्हणतील, झेपत नाही ना, सोड मग! या धास्तीनेच तिने कधी तोंड उघडलं नाही.

त्या दुपारी बँकेतल्या साहेबांचा कोट होता. त्यांच्या मुलीने पहिल्या पगारातून घेतलेलं लोकरी कापड, तेही मोजकंच. आईने एक बाही कापली, कागदी फर्मा न पलटता तसाच पुढे सरकवला आणि दुसरी कापली. झालं! दोन्ही डाव्या. कापडाला सुलट-उलट बाजू होती, त्यामुळे बाही पलटूनही भागणार नव्हतं.

"बाबा, वाट लावली मी," म्हणत ती रडायलाच लागली.

सासऱ्यांनी बाह्या पाहिल्या आणि तिच्या हातातली कात्री काढून घेतली. संपलं सगळं, तिला वाटलं.

"पोरीला इकडे दे आणि वर जाऊन झोप."

"पण साहेब संध्याकाळी येतील..."

"मग? त्यांना दोन डावे हात बसवू? जा म्हणतो ना!"

ती जी आडवी झाली, ती अंधार पडल्यावरच उठली. धडपडत खाली आली, तर बेतायच्या टेबलावर, उरलेल्या कापडावरच लेक हातपाय पसरून गाढ झोपलेली. सासरे तिला थोपटत बसले होते.

"हळू! साहेब येऊन गेले. ही झोपलेली पाहून बिचारे चपला हातात घेऊन गेले. उद्या येतील."

तिने कापडाकडे नुसतं पाहिलं. डोकं कसं लख्ख झालं होतं.

"बाबा, काखेत छोटा जोड दिला तर उजवी बाही निघते यातून! दिसणारही नाही."

"निघते की. मला दुपारीच दिसलं होतं."

"मग कापली का नाहीत?"

"कोट तुझा आहे. मी कशाला मध्ये लुडबुडू?" त्यांनी कात्री तिच्याकडे सरकवली. "फक्त ही उठेपर्यंत थांब. आणि उद्यापासून दुपारची ही माझ्याकडे."

कात्री मांडीवर ठेवून ती त्यांच्या शेजारी बसली, आणि लेक उठायची वाट बघू लागली.