टर्बोवरची तुपाची पोटली

"महाराज, तुमची पोटली बांधली की गाडीला आग लागत नाही ना? मग तुमच्या स्वतःच्या गाडीत आग विझवायचं सिलिंडर कशाला?"

प्रश्न अकरावीतल्या संपदाचा, पण पैज तिच्या मैत्रिणींची, दीपा आणि मीराची. "विचारून दाखव, मग मानलं तुला," म्हणून दोघी आठवडाभर तिच्या मागे लागल्या होत्या. जबलपुरात घराबाहेर देवाशीसुद्धा हिंदीतच बोलावं लागतं, म्हणून तिनं तो खणखणीत हिंदीत विचारला. सदर बाजारामागच्या मैदानावरची दोनशे डोकी गर्रकन वळली. पोटली बांधून घ्यायला आलेल्या गाड्यांची बॉनेटं रांगेनं आ वासून उभी होती. गाड्याही कशा, तर एकेकीचं पोट जमिनीला टेकलेलं आणि मागचा पाइप नळकांड्याएवढा जाड.

ज्वालेश्वर महाराज गालात हसले. "बेटी, वह सिलिंडर मेरे लिए नहीं! उन अभागों के लिए है, जिन्होंने पोटली नहीं बंधवाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. संपदाचे कान तापले. तिनं आशेनं दादाकडे पाहिलं. अश्विनदादा, तिचा थोरला भाऊ. ओमती भागात त्याचं गॅरेज होतं आणि गाड्यांना इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दहाव्या वर्षी तिच्या हातात पाना त्यानंच दिला होता. "इंजिन खोटं बोलत नाही, संपे. माणसं बोलतात," हे त्याचंच वाक्य. तो आता दोन शब्द तरी बोलेल, असं तिला वाटलं. दादानं मान खाली घातली आणि पुटपुटला, "गप बस. लोक पाहून राहिले."

मग चमत्कार सुरू झाला. दादाकडूनच टर्बो बसवून घेतलेल्या विपुल भैयाच्या लाल गाडीचं इंजिन बंद करवून महाराजांनी बॉनेटवर पितळी थाळी ठेवली. थाळीत पांढरा रुमाल, त्यावर 'नर्मदाजल'. "अग्निदेव को हॉर्सपावर से जलन होती है!" महाराज गरजले. "टर्बो लगाओगे, तो वे रूठेंगे ही!" काडी ओढली. रुमाल भडकला, बायांनी पदर तोंडाला लावले आणि ज्वाळा विझली तेव्हा रुमाल जसाच्या तसा पांढरा! "नर्मदे हर!" मैदान दुमदुमलं. महाराजांनी तुपात भिजवलेल्या कापसाची लाल पोटली थेट टर्बोच्या अंगाला बांधली.

"चला, चिंता मिटली!" विपुल भैया दादाला मराठीत म्हणाला. "आठ दिवसांपासून पेट्रोलचा वास येऊन राहिला होता. आता उद्या सकाळी पोरीला घेऊन बरगीला जातो. धरण पाहायचं म्हणून कधीची रडते."

संपदाला मात्र दुसराच वास खुपत होता. सुई टोचण्याआधी नर्स दंडावर कापूस फिरवते, तो वास. नर्मदेच्या पाण्याला दवाखान्याचा वास कधीपासून यायला लागला?

दुपारी ती गॅरेजवर गेली. सुटे भाग पुसायला दादा स्पिरिट ठेवतो, हे तिला ठाऊक होतं. थोडं मागून घ्यावं, घरी करून पाहावं, एवढाच बेत. कपाट उघडलं, तर स्पिरिटच्या डब्याशेजारी सहा बाटल्या ओळीनं उभ्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: 'नर्मदाजल'. ते अक्षर तिनं डोळे मिटूनही ओळखलं असतं. पहिलीपासून तिच्या सगळ्या वह्यांवर त्याच हातानं तिचं नाव घातलं होतं.

"दादा, हे तू लिहिलं?"

अश्विन पाना पुसत राहिला. "मग? अर्धं स्पिरिट, अर्धं पाणी. पाणी तर खरंच नर्मदेचं आहे! कोणाचं काय बिघडते?"

"विपुल भैयाच्या गाडीत वास कशाचा येते?"

"पाइपातून येते." इतक्या सहज म्हणाला, की तिला वाटलं चुकून ऐकलं. "टर्बोजवळून पेट्रोलचा साधा रबरी पाइप नेला मी. उष्णता अडवणारा पत्रा मध्ये टाकायचा राहिला. आता पुन्हा उघडलं, तर चूक माझीच निघेल ना? नाव खराब होईल."

"म्हणून पोटली?"

"त्याच्या मनाचं समाधान झालं न."

"दादा, तुपाचा कापूस! तापलेल्या टर्बोवर! वरून पेट्रोल ठिबकून राहिलं! त्यात त्याची पोरगी बसणार आहे!"

"घरी बोलू नको," अश्विन म्हणाला आणि तिच्याकडे पाठ फिरवली. ज्या पाठीवर बसून ती लहानपणी अख्खा सदर बाजार फिरली होती, ती पाठ तिला एकदम परक्या माणसाची वाटली. रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नाही, असं तिनं ठरवलं. एक बाटली उचलली आणि निघाली.

संध्याकाळी बाबा कारखान्यातून आले. संरक्षण खात्याच्या कारखान्यात गाड्या तपासायचं त्यांचं काम. चहा व्हायच्या आत संपदानं त्यांचा रुमाल बाटलीत बुडवला, चिमट्यात धरला, शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि काडी लावली.

"अगं, वेडी झाली का!" आई ओरडली. रुमाल भडकला, विझला. आईनं हात लावला, तर ओला आणि धडधाकट.

"जळलं ते स्पिरिट," संपदा म्हणाली. "पाण्यानं कापडाला तापूच दिलं नाही. एवढाच चमत्कार. बाटली दादानं भरली." आणि तिनं पाइपाचंही सगळं सांगून टाकलं.

बाबांनी रुमाल उलटसुलट करून पाहिला. मग बाबा चाचरत म्हणाले, "पोटलीचं म्हणशील, तर विश्वकर्मा पूजेला आम्हीही मशिनींना धागा बांधतो..."

"मशीन बंद असताना ना? आणि सुरू करायच्या आधी कोण सोडते?"

"मीच," बाबा हळूच म्हणाले. "धागा अडकला, तर हात जाते माणसाचा."

"मग तुमची श्रद्धा कमी झाली का? नाही ना! आग मंत्र ऐकत नाही, बाबा. तिला पेट्रोल लागतं, उष्णता लागते, हवा लागते. त्यातलं एक काढून घ्या, ती लागत नाही. पाइप चांगला घाला, पत्रा लावा, तारेला फ्यूज लावा, तेलकट चिंध्या दूर ठेवा. वास आला, तर गाडी बंद करा आणि कुठून येतो ते शोधा. यात महाराज कुठं लागतो?"

"पण बेटा," आईनं तिचा हात धरला, "अश्विन आपला आहे. घरातली गोष्ट घरात मिटवू. मी समजावते त्याला."

"तो समजेल तेव्हा समजेल, आई. गाडी उद्या सकाळी निघणार." संपदानं चपला पायात सरकवल्या. "मी आत्ता विपुल भैयाकडे जाऊन राहिले. पोटली माझ्या हातानं काढीन, पाइप त्याच्या डोळ्यांना दाखवीन. दुसरा मेकॅनिक पाहून जात नाही, तोवर गाडी हलू देणार नाही. आणि हे कोणी केलं म्हणून त्यानं विचारलं, तर दादाचं नाव सांगणार आहे."