डावा गाल

हनुमानने माझ्या कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पंजात धरून कचकन खाली वाकवला.

"छताकडं काय मारती? सरळ मार. माझी बहीण गोरी आली पाहिजे, छत न्हाई."

पांढऱ्या छतावर फ्लॅश मारला की उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर उतरतो, हे अर्ध्या बीड जिल्ह्याला समजावून माझा घसा बसला आहे. लोकांना चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा हवा असतो. एरवी मी त्याला तिथंच झापलं असतं. पण गड्याच्या कमरेला पिस्तूल होतं आणि ते दिसावं म्हणून शर्ट मुद्दाम वर खोचलेला होता. मी गप्प बसले. गप्प बसावं लागलं की माझं डोकं फिरतं.

गेवराईबाहेरच्या मंगल कार्यालयातली नवरीची खोली, दुपारचे चार. नवरी राजनंदिनी, तलवाड्याच्या विठ्ठलरावांची लेक. तिची आई विमलबाई पलंगाच्या कडेला तोंडाला पदर लावून बसलेली. नवरी काही केल्या हसेना.

"हस म्हणू नको तिला," हनुमान म्हणाला. "दाढ दुखती तिची."

मी सरळ फ्लॅश मारला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. तिच्या डाव्या गालावर कानापासून ओठापर्यंत चार पांढरे पट्टे चमकत होते. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. ब्युटीपार्लरवालीने बोटांचे वळ झाकायला त्यांच्यावर पावडरीचे थर दिले होते, आणि ती पावडर समोरून आलेला उजेड तसाच परत फेकते. झाकायला गेली आणि बोट न् बोट मोजता येईल असं करून ठेवलं.

हनुमानचा फोन वाजला, तो बाहेर गेला. मी पोरीला फोटो दाखवला.

"दादानं," ती दातावर दात ठेवूनच बोलली. "जबडा उघडत न्हाई, ताई."

अंबाजोगाईला तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. परीक्षा झाल्याशिवाय लग्न करणार नाही म्हणाली, म्हणून काल हळदीआधी त्याने तिला बडवलं, फोन फोडला. "आप्पारावमामाला कळलं तर तो मला घेऊन जाईल. पण त्याला माझ्याजवळ येऊच देत न्हाईत."

विमलबाईंनी माझे पायच धरले. "बाई, छताकडंच मारा. माझ्या भावाला दिसलं तर रक्त सांडंल हो."

छताकडे मारला असता तर खरंच काही दिसलं नसतं. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? माझ्या लग्नात स्टुडिओवाल्या रामहरीकाकांनी दोनशे फोटो काढले. आदल्या दिवशी वडिलांनी फोडलेला माझा डावा गाल त्यातल्या एकातही नाही. "बाळ, जरा उजवीकडं बघ," म्हणत काकांनी दिवसभर आमच्या घराची अब्रू राखली. पुढे तीन वर्षं नवऱ्याने त्याच गालावर हात चालवला. ते घर सोडून आले तेव्हा काकांनीच मला हा धंदा शिकवला. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर. राग आहे तोही आहे.

राजनंदिनीने माझं मनगट धरलं. "ताई, सरळच मारा."

विठ्ठलरावांची हौस अशी, की लग्न लागताना काढलेला फोटो लगेच स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर झळकला पाहिजे. स्वतः एकेकाळी मेंढरं राखली, पण सभापती झाल्यापासून मेंढरं राखणारा मेहुणा त्यांना उंबऱ्याबाहेरच बरा वाटायचा. तरी अंतरपाट धरल्यावर नवरीच्या पाठीशी मामाच उभा राहतो. तिथं सभापतीचं काही चालत नाही.

सहा वाजता आप्पाराव मळका पटका बांधून भाचीच्या पाठीशी येऊन उभा राहिला. हनुमान माझ्या शेजारीच होता. मी त्याला मोठ्याने विचारलं, "सरळच मारू ना?"

"किती डाव सांगायचं तुला?" तो खेकसला.

मी फ्लॅश पूर्ण ताकदीवर नेला आणि मारला.

दहा फूट उंच चेहरा पडद्यावर आला, आणि त्यावर हातभर लांबीची चार बोटं. भटजी मंगलाष्टक म्हणता म्हणता अडखळले. बायका कुजबुजल्या. सगळे कुठं बघतात म्हणून आप्पारावने मान वळवली. मग त्याने तांब्यात पटक्याचं टोक भिजवलं आणि भाचीचा गाल हळूच पुसला. खाली काळेनिळे वळ निघाले. त्याने त्यांच्यावर आपली बोटं ठेवून पाहिली.

"कुणाचा हात हाय हा?"

राजनंदिनीने भावाकडे बोट केलं.

आप्पारावने मेंढरं हाकायची काठी उचलली आणि हनुमानच्या नडगीवर घातली. हाड मोडल्याचा आवाज भटजींच्या माइकमधून मांडवभर गेला. मग खुर्च्या उडाल्या. नवरदेवाच्या चुलत्याचं डोकं फुटलं, अक्षता लाल झाल्या. विठ्ठलराव "थांबा, थांबा" ओरडत होते आणि त्यांचीच माणसं आप्पारावला लाथा घालत होती. तेवढ्यात खाली पडलेल्या हनुमानने पिस्तूल काढून मामाच्या छातीवर रोखलं.

फ्लॅश एकदा मारला की पुन्हा भरायला वेळ लागतो. दुसरी संधी मिळणार नव्हती. मी गुडघ्यावर बसले आणि हातभर अंतरावरून त्याच्या उघड्या डोळ्यांत मारला.

तो किंचाळला. गोळी पडद्यात घुसली आणि अर्धा चेहरा काळा पडला. आंधळ्यासारखं चाचपडत त्याने माझे केस धरले आणि पिस्तुलाची मूठ माझ्या डाव्या गालावर हाणली. एकदा. परत एकदा. दात तुटून जिभेवर आला. माझा कॅमेरा त्याने फरशीवर आपटून फोडला. पण मी त्याआधीच त्यातलं मेमरी कार्ड काढून मुठीत घेतलं होतं, आणि ती मूठ मी उघडली नाही. पोलीस आले तेव्हा आप्पाराव भाचीला खांद्यावर टाकून मेंढरांच्या पिकअपकडे निघाला होता. विमलबाई अनवाणी त्यांच्यामागे पळत होत्या.

आता राजनंदिनी अंबाजोगाईला दवाखान्यात आहे, जबड्याला तार बांधून. उशाला पुस्तक आहे. आप्पारावची काठी पोलिसांनी जप्त केली, तो मोकळ्या हातांनी दवाखान्याच्या पायरीवर बसून असतो.

पोलिसांना माझ्या जखमेचा फोटो हवा होता. मी रामहरीकाकांच्या स्टुडिओत गेले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने म्हणाले, "बाळ, जरा उजवीकडं बघ."

"नाही काका." बोलताना टाके ताणले गेले. "या वेळी डावा गाल घ्या."

काकांनी कॅमेरा खाली घेतला.

"तुझ्या लग्नातबी मला दिसला होता," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, आणि फोटो काढला.