उलटा प्रश्न

बाबा बंदरावर दुभाषे होते. मेंदूचा झटका आल्यावर त्यांच्याकडे एकच शब्द उरला: ने.

"श्वासासाठी नळी घालायची का, हे आजच ठरवावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

"ते घरी ने म्हणतायत," दादा म्हणाला. "सरळ मराठी आहे."

"ग्रीकमध्ये ने म्हणजे हो," मी म्हणाले. "सर्बियनमध्ये नाही. जपानी माणूस वाक्याच्या शेवटी जोडतो, आपल्या 'ना'सारखं."

"झालं! बाबा पडले, आता हिची शिकवणी सुरू."

आई बाबांची नखं कापत होती.

बाबांची कामाची एक पद्धत होती. समोरचा खलाशी न समजताच मान डोलावतोय अशी शंका आली, की ते तोच प्रश्न उलटा करून विचारत. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, तर कागदावरची त्याची सही थांबवत आणि साहेबांना सांगत, "याला कळलेलं नाही." अर्थ त्यांनी कधी अंदाजाने लावला नाही.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "बाबा, नळी घालू द्यायची?"

"ने."

उत्तर मिळालं म्हणून दादाने सुटकेचा श्वास सोडला. मला तिथेच थांबता आलं असतं.

"बाबा, नळी नको?"

"ने," ते म्हणाले, तितक्याच समजूतदारपणे.

"त्यांना कळलेलं नाही," मी डॉक्टरांना सांगितलं.

आईने बाबांचा हात चादरीवर ठेवला. "मग आता कोणाला विचारायचं गं?"