एकाचा नऊ

सुरगाण्याचं नाव कुणी काढलं की चांगुणाबाई विषयच बदलायच्या. गाव वाईट म्हणून नव्हे हो, गावाचा काय दोष! पण पंचवटीतल्या ज्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या, तिथं शिवणाचे तास कमी झाले होते. बाईंना आठवड्याला नऊ तास कमी पडत होते, आणि ज्याचे तास भरत नाहीत तो शिक्षक 'अतिरिक्त'. अतिरिक्त ठरला की संस्था त्याला उचलून लांब डोंगरातल्या सुरगाण्याच्या शाखेत टाकायची. इकडे नाशिकरोडच्या खोलीत आई कुसाबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंत चाचपत मोरीपर्यंत जाणारी. तिला कुणाच्या भरवशावर सोडायचं?

एकच वाट उरली होती. त्या साली, म्हणजे पंच्याऐंशी साली, शाळेला सरकारी योजनेतून संगणक मिळाला होता. त्याला धूळ चालत नाही, उजेड चालत नाही, म्हणून तो शिवणवर्गात आणून ठेवला; पडदे तेवढे तिथंच होते, तेही बाईंनीच शिवलेले. या नव्या विषयाचे नऊ तास. ते कुणाला द्यायचे हे तपासणीचे साहेब आज ठरवणार होते. हेडमास्तर म्हणाले, "त्यात ठरवायचं काय? गणिताचे बोरस्ते सर आहेत की. शिवणाच्या बाईंना त्यातलं काय कळतंय!"

कळत होतं, चांगलं कळत होतं! गेले सहा महिने पोरी घरी गेल्या की बाई त्या यंत्रापुढे बसायच्या. कॅसेटवर एक खेळ होता. चंद्रावर यान उतरवायचं. पडद्यावर उंची, वेग आणि इंधन असे तीन आकडे दिसायचे. दर खेपेला शून्य ते नऊमधला एक आकडा दाबायचा, तेवढं खालचं इंजिन पेटायचं आणि पडणं मंदावायचं. शून्य दाबलं की यान नुसतं पडायचं. जास्त पेटवलं तर इंधन खलास, कमी पेटवलं तर कपाळमोक्ष. बाई कधी कागद घेऊन बसल्या नाहीत. बोटाला वाटेल ते दाबायच्या, आणि यान अलगद टेकायचं. असं का होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी सकाळपासून त्यांना काही सुधरत नव्हतं. पाचही मशीनना दोनदा तेल घालून झालं, कात्र्या मोजून झाल्या, पडदा ओढून झाला आणि परत सारून झाला. "बाई, बसा की जरा," बोरस्ते सर म्हणाले. माणूस सज्जन. चार रात्री जागून त्यांनी प्रत्येक खेपेला कुठला आकडा दाबायचा याचा भलामोठा तक्ता केला होता, सुबक मराठी आकड्यांत. बसा म्हणे! बसून काय करू? बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

साहेब आले. त्यांना तो खेळ, यान उतरवून दाखवायचं होतं. बटणं दाबायला बसवलं टायपिस्ट चंदर पगारेंना, कारण शाळेत भराभर बोटं चालायची ती त्यांचीच. देवळाली कॅम्पातल्या ऑफिसात वीस वर्षं इंग्रजी टाइप करून आलेला माणूस. सरांनी तक्ता शेजारी ठेवला आणि ते साहेबांना सूत्र समजावू लागले.

शून्य, शून्य, दोन, तीन. हे आकडे मराठीत काय नि इंग्रजीत काय, दिसायला तेच. पुढे सरांनी ओळीनं तीन एक लिहिले होते. आता मराठी एक लिहा आणि इंग्रजी सवयीच्या माणसाला दाखवा! चंदरनी खाड खाड खाड तीनदा नऊ दाबला.

यान खाली यायचं सोडून वर निघालं. इंधन भसाभसा गेलं.

"अहो पगारे, एक आहे तो, एक!" सर किंचाळले.

"मला नऊ दिसला, सर."

सर घाईघाईनं नवं गणित मांडायला बसले. पेन चालेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. चांगुणाबाई केव्हा पुढे झाल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही. "उठा, चंदरभाऊ," म्हणाल्या आणि बसल्याच.

शून्य. शून्य. शून्य. यान वर जायचं थांबलं आणि पडू लागलं. वेग वाढतच चालला.

"बाई, पेटवा आता!" हेडमास्तर ओरडले.

"थांबा हो जरा!" हेडमास्तरांना असं बोलायचं नसतं, पण बोलून गेल्या. अजून एक शून्य. मग बोटानंच सांगितलं, आता. तीन. पाच. सहा. दोन. यान टेकलं. इंधन उरलं होतं चिमूटभर.

"लागला मटका!" साहेब हसले. "बाई, सूत्र काय वापरलंत?"

"सूत्र नाही, साहेब. आमचं गाव विंचूरकडचं. आमच्या वस्तीच्या विहिरीला रहाट नव्हता. दोर जुना, ठिकठिकाणी गाठी मारलेला. बादली वरपासून आवळत सोडली तर तळहात सोलतात. एकदम आवळली तर दोर तुटतो. आणि उन्हाळ्यात पाणी वीतभर, बादली आपटली की गाळ वर. मग आई म्हणायची, सोड, सोड, सोड... आता धर, पण हळू. ते हाताला कळतं."

"चंद्रावरचं यान आणि विहिरीवरची बादली!" साहेब म्हणाले. "बरं, पुन्हा करा. पण प्रत्येक आकडा का दाबला ते सांगत सांगत."

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला. वेग अमुक म्हणून तमुक, उंची इतकी म्हणून तितकं. बोट अडखळलं. कधी नव्हे ते त्या विचार करून दाबत होत्या, आणि यान धाडकन आपटलं. डोळ्यांपुढे सुरगाण्याची एसटी उभी राहिली.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: बोरस्ते सर, संगणक तास ८. चांगुणा साळवे, हौशेखातर, संगणक तास १.

एक! म्हणजे भीक घालावी तसा. आठ तास कमी ते कमीच. बाईंना रडू आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

साहेब हेडमास्तरांच्या खोलीत चिवडा खात असताना चंदरनी इंग्रजीत आदेश टाइप केला. साहेबांनी एका हातानं सही ठोकली आणि दुसऱ्या हातानं चहा उचलला. आदेशाची प्रत बाईंच्या हाती आली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली आणि तडक टाइपरायटरपाशी गेल्या. सरही तिथंच होते.

"चंदरभाऊ, अहो हे काय? शेरेबुकात एक आहे. तुम्ही नऊ मारलाय."

"मला नऊ दिसला."

"आणि सरांचे आठ कुठं गेले?"

चंदर कागद लावण्यात गुंतले. "एकूण तासच नऊ. बेरीज जुळायला नको? सरांना गणिताचं ओझं कमी आहे का!"

बाईंनी सरांकडे पाहिलं. "सर, साहेब अजून गेले नाहीत. मी सांगून येते. तुमच्या चार रात्री..."

"बाई," सर म्हणाले, "तुमचा हात मी आज पाहिला. माझ्या तक्त्याला ते कधी जमणार नाही. आत्ता दोर धरू नका. सोडा."

बाहेर साहेबांची जीप सुरू झाली. बाईंचा पाय दाराकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. जीप फाटकातून बाहेर पडल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पण चंदरभाऊ, सकाळीच एवढी बोलणी खाल्लीत, तरी पुन्हा तीच चूक?"

चंदरनी चष्मा काढला, फडक्यानं सावकाश पुसला. "काय करणार, बाई! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."