अबोल्यात मारलेली गाठ

माझा मित्र बोका लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांच्या लिफ्टचे दोर तपासतो आणि घरी स्वतःच्या बुटाची नाडी सोडायचा कंटाळा करतो. शाळेत सगळ्यांचे डबे फस्त करायचा, म्हणून बोका. पुढे त्याने माझ्या ताईशीच लग्न केलं. "चारचौघांत तरी त्याला दाजी म्हणत जा," असं ताईने लाखदा सांगून पाहिलं. पण माझी जीभच वळत नाही.

त्या दिवशी आमचा अबोला होता. आदल्या संध्याकाळी कडा चढायला म्हणून हिमनदीच्या काठावरच्या लाकडी खोलीत पोचलो तेव्हा कळलं, की या शहाण्याने स्टोव्ह आणलाय आणि गॅस खालीच विसरलाय. कोरडा पाव आणि दात ठणकवणारं पाणी. मी तोंड सोडलं, त्यानेही सोडलं, आणि आम्ही एकाच फळीवर पाठीला पाठ लावून झोपलो. सकाळी बर्फाची घळ चढून ग्रॅनाइटच्या कड्यापाशी आलो, अरुंद कपारीवर उभं राहून दोर बांधले, तरी कोणी बोललं नाही. एरवी चढण्याआधी आम्ही एकमेकांच्या कमरेची गाठ ओढून बघतो आणि वर एक शिवी हासडतो. त्या दिवशी शिवी नव्हती, म्हणून ओढणंही राहिलं.

बोका पुढे चढत होता, मी खालून दोर सोडत होतो. गुळगुळीत कातळ, धरायला बोटाच्या पेरापुरत्या खाचा. त्याने वरच्या खाचेसाठी हात ताणला, जॅकेट वर सरकलं आणि मला त्याची गाठ दिसली.

गाठ अर्धीच होती. दोराचं टोक कमरेच्या पट्ट्यातून, हार्नेसमधून काढून एकदाच परत फिरवलं होतं, पुढचं राहिलंच होतं. जॅकेट चढवायला मध्येच थांबला असणार आणि मग विसरला असणार, गॅससारखाच. टोक वीतभर लोंबत होतं. तो वर सरकला की दोराचं वजन वाढत होतं आणि टोक आखूड होत होतं.

मी दोर जरासा ताणला असता तरी तो सुटून माझ्या हातात आला असता, आणि मग पाय जरा निसटला की बोका माझ्या शेजारून घळीत गेला असता. ओरडलो तर तो खाली बघणार, गाठ दिसणार, पाय लटपटणार. नाही ओरडलो तर? डोळ्यांसमोर ताई येत होती, दार उघडून उभी.

मी भरपूर दोर सैल सोडला आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणालो, "दाजी, उजवीकडे फट आहे बघा. तिच्यात आधी साधन बसवा आणि कमरेची फीत थेट त्यात अडकवा. मग पुढचं बघू."

तो क्षणभर थबकला. खाली बघितलं नाही. उजवा पाय सरकवला, तो निसटला, पुन्हा टेकला. मग त्याने कमरेला लटकणारं धातूचं साधन फटीत पाचरीसारखं बसवलं, हिसका देऊन पाहिलं, फीत अडकवली. खट्‌ असा आवाज आला.

फटीत आणखी साधनं बसवून, दोर त्यांत अडकवून त्याने मला वर घेतलं. मी पोचलो तेव्हा तो कातळाला पाठ टेकून बसला होता, चेहरा पांढराफटक. दोराचं सुटं टोक मांडीवर पडलं होतं. बोटं ऐकत नव्हती, त्याला गाठ मारता येत नव्हती.

"तुला कधी दिसलं?" त्याने विचारलं.

"जॅकेट वर गेलं तेव्हा. तुला?"

"इथे अडकवल्यावर. पण काहीतरी भयंकर झालंय, हे आधीच कळलं होतं."

"कसं काय? मी तर अगदी शांतपणे बोललो."

"तू मला दाजी म्हणालास. अहो-जाहो केलंस. म्हटलं, संपलं आपलं."

"मग खाली का नाही बघितलंस, गाढवा?"

"तू एवढी धडपड करत होतास मला कळू नये म्हणून. मी बघितलं असतं तर तू घाबरला असतास."

मी त्याची गाठ बांधली. ओढून बघितली. पुन्हा ओढली. त्यानेही माझी ओढली. आता शिवी द्यायची पाळी माझी होती. तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं.